डेस्कटॉपचे आयकॉन गायब झालेत, स्क्रीनवर गुळाच्या पट्ट्या (शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशोब) उघड्या आहेत आणि शाहूपुरीतल्या माझ्या अडतीवर शेतकरी पट्टीसाठी थांबलेत. झुबुंटू (कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली) रीस्टार्ट न करता आयकॉन परत येतील का?

येतील. आल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एक्सएफडेस्कटॉप (एक्स, एफ आणि पुढे डेस्कटॉप) टाइप करून एंटर मारा. झुबुंटूत आयकॉन आणि वॉलपेपर हा एकच वेगळा प्रोग्रॅम दाखवतो. तो बंद पडला तरी बाकीच्या खिडक्या चालू राहतात. शाहूपुरीतल्या तुमच्या अडतीवर शेतकरी पट्टीसाठी थांबलेत म्हणता, तर त्या उघड्या पट्ट्यांना यानं धक्का लागत नाही. तरी आधी सेव्ह करून घ्याच, पैशाचा हिशोब आहे. फायलीही गेलेल्या नाहीत. फाइल मॅनेजरमध्ये होम उघडून डेस्कटॉप फोल्डर बघा, सगळ्या तिथंच असतात. झुबुंटूच्या मशीनवर मी हेच करतो.

मात्र आधी वॉलपेपर बघा. तोही गेला असेल आणि राइट क्लिकला मेनू येत नसेल, तरच हा उपाय. वॉलपेपर जागेवर असून नुसते आयकॉन नसतील तर सेटिंग बदललंय: राइट क्लिक करून डेस्कटॉप सेटिंग्जमधल्या आयकॉन्स टॅबवर आयकॉनचा प्रकार 'नन' झालाय का बघा आणि फाइल-लाँचरवाला पर्याय निवडा.