तोंडं वेडीवाकडी होतात, होऊ देत

प्रिय मुली,

पत्र मिळालं, सोबतची दोन्ही रेखाटनंही. चित्र काढताना आपला चेहरा चित्रातल्या माणसासारखा वेडावाकडा का होतो आणि तो आवरायला हवा का, असं तू विचारलंयस. भांडणाऱ्या म्हातारीचं पहिलं चित्र काढताना तुझ्या नाकपुड्या फुगल्या होत्या, तू दात-ओठ खात होतीस, आणि शेजारचे ते बघून हसले. म्हणून दुसऱ्या वेळी तू चेहरा दगडासारखा ठेवलास. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ. पहिली म्हातारी नखशिखान्त संतापलेली आहे. दुसरीच्या फक्त भुवया रागावल्यात. जबडा, मान, खांदे स्वस्थ बसलेत. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच पाठवलंयस.

हे तुझं वेड नाही, माणसाचा चेहराच असा आहे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ उल्फ डिमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या चेहऱ्यावर स्नायूंची हालचाल टिपणारे इलेक्ट्रोड लावून त्यांना हसरे आणि रागीट चेहरे दाखवले, तेही जेमतेम ३० मिलिसेकंद, आणि लगेच त्या जागी निर्विकार चेहरा. आधीचा चेहरा दिसल्याचं भानही राहू नये इतका हा वेळ कमी. तरी हसऱ्या चेहऱ्याला गालाचा स्नायू उत्तर देत होता आणि रागीट चेहऱ्याला भुवया आक्रसणारा. तू तर त्या म्हातारीसोबत तासभर बसतेस, तिची एकेक सुरकुती मनात आधी घडवतेस आणि मग कागदावर उतरवतेस. तुझा चेहरा गप्प कसा राहील?

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती मात्र वेगळी ओळखायला शीक. कात्रीने कापताना माणसं कात्रीच्या पात्यांबरोबर जबडा हलवतात आणि लिहायला शिकणारी मुलं बोटांबरोबर जीभ वळवतात, असं डार्विनने १८७२ साली नोंदवून ठेवलंय. बारीक रेघ ओढताना तुझी जीभ बाहेर येते ती या जातीची. तिचा म्हातारीच्या रागाशी संबंध नाही. नाकपुड्या फुगतात त्याचा आहे.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. स्वतःचा संताप आपण डोळ्यांनी क्वचितच बघतो, तो आपल्याला आतून माहीत असतो. जबडा आवळला की कानापाशी गाठ येते, मानेच्या शिरा ताणल्या जातात, खालचा ओठ बारीक होतो. हे सगळं एकदम आणि एकमेकांच्या प्रमाणात होतं. नुसतं आठवून काढायला गेलीस तर यातलं काहीतरी सुटतं. चेहऱ्यावर धरून काढलंस तर ताण कुठून कुठे जातो ते हाताला कळतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० साली आरशासमोर बसून स्वतःचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडं पडलेलं अशी छोटी कोरीवचित्रं केली, ती जरूर शोधून बघ. अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांच्या टेबलावर आरसा असतो तो याचसाठी. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात तर नृत्य कळल्याशिवाय चित्र नीट कळत नाही, असं सांगितलंय. ज्याला शरीर समजलं त्यालाच रेषा समजते, असा मी त्याचा अर्थ घेतो.

तू जादाची पेन्सिल दातांत धरतेस, ती सवय सोड. २००७ सालच्या एका प्रयोगात लोकांना दातांत पेन धरायला लावलं, तर चेहऱ्यावरचा आनंद ओळखायला त्यांना जड गेलं. याचा अर्थ चेहरा हलल्याशिवाय भाव कळतच नाहीत असा नाही. जन्मापासून चेहऱ्याचे स्नायू लुळे असलेली माणसंही इतरांचे भाव ओळखतात. पण जी मदत फुकट मिळते ती तोंडात पेन्सिल कोंबून का अडवायची?

आता धोका सांगतो, तो मला फार उशिरा कळला. एक हसरं मूल मी चार वेळा काढलं आणि चारही वेळा ते काळजीत पडलेलं दिसलं. ओठ बरोबर, गाल बरोबर. शेवटी खिडकीच्या काचेत स्वतःकडे लक्ष गेलं: एकाग्रतेने माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि त्याच मुलाच्या भुवयांत उतरत होत्या. चेहऱ्यावर जे असतं ते कागदावर झिरपतं, आपल्याला हवं असो वा नसो. म्हणून मधूनमधून हात थांबव आणि आपली भुवई कुठे आहे ते तपास. हसू काढायचं असेल तर ओठ ताणून भागत नाही. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ साली दाखवलं की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आक्रसतो, आणि तो हुकूम केल्याने सहसा येत नाही. तेव्हा खरंच हसू येईल असं काही आठव. खालची पापणी किंचित वर सरकलेली जाणवेल. तीच रेघ काढ. फोटोसाठी हसणाऱ्या माणसात नेमकी तीच नसते.

दिवसेंदिवस रडणारे चेहरे काढायचे असतील तर जबडा दुखतो, कपाळ जड होतं. मधे उठ, तोंड धू, एखादं झाड काढ.

तुला हसणाऱ्या शेजारच्यांचं म्हणशील तर त्यांच्याकडे पाठ करून बस, पण चेहरा मोकळा ठेव. म्हातारी तिसऱ्यांदा काढ आणि कागदाच्या कडेला लिहून पाठव की काढताना तुझा जबडा कुठे होता, भुवया कुठे होत्या, आणि कुठल्या रेघेला तू श्वास धरलास. चित्राआधी मी ते वाचणार आहे.

तुझा,
काका