वाचकांचे प्रश्न : ‘घालून दिलेले’ आणि ‘दिसणारे’

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विधिशास्त्राच्या तासाला जॉन ऑस्टिन प्रत्यक्षार्थवादी असल्याचे शिकवले गेले आणि गुन्हेगारीशास्त्राच्या तासाला लोम्ब्रोसोही प्रत्यक्षार्थवादीच असल्याचे सांगितले गेले. एक कायद्याला सार्वभौमाची आज्ञा म्हणतो, तर दुसरा कैद्यांच्या कवट्या तपासतो. हे दोघे एका पंथाचे कसे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याला पडलेली शंका अगदी रास्त आहे आणि तिचे सरळ उत्तर असे की, हे दोघे एका पंथाचे नाहीत. ‘पॉझिटिव्हिझम’ या एका शब्दाने दोन वेगळे अर्थ पोटात घेतले आहेत. मराठीत आपण दोन्हीला ‘प्रत्यक्षार्थवाद’ म्हणून मोकळे झालो आणि गोंधळ जसाच्या तसा आपल्याकडे आला.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ठेवलेले, मांडलेले’ असा आहे. कायद्याच्या संदर्भात त्याला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे ‘घालून दिलेला’ नियम. निसर्गातून किंवा ईश्वराच्या इच्छेतून आपोआप आलेला नव्हे, तर कोणीतरी माणसाने अधिकाराने घालून दिलेला तो कायदा, हे बेंथॅम आणि ऑस्टिन या इंग्रज विधिविचारवंतांचे म्हणणे. ऑस्टिनने 1832 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत स्पष्टच म्हटले की, कायदा अस्तित्वात असणे ही एक गोष्ट आणि तो चांगला किंवा वाईट असणे ही दुसरी. वाईट कायद्याला त्याने चांगले म्हटलेले नाही, हे विद्यार्थी हमखास विसरतात. बेंथॅमने तर आयुष्यभर इंग्रजी कायद्याचे वाभाडे काढले, आणि वाभाडे काढायचे तर आधी ‘आहे ते काय आहे’ हे वेगळे मांडावे लागते. पुढे जर्मन विधिज्ञ राडब्रुख यांनी 1946 साली नाझी राजवटीपुढे न्यायाधीश हतबल झाल्याचा दोष याच विचाराच्या माथी मारला आणि 1958 साली ब्रिटिश विधितत्त्वज्ञ हार्ट यांनी त्याला उत्तर दिले. माझा कौल हार्ट यांच्या बाजूने आहे. ‘हा कायदा आहे, पण तो इतका दुष्ट आहे की मी तो पाळणार नाही,’ असे म्हणणारा माणूस, ‘हा कायदाच नव्हे,’ म्हणणाऱ्यापेक्षा स्वतःच्या जबाबदारीला अधिक थेट सामोरा जातो.

दुसरा अर्थ फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँतचा. 1830 ते 1842 या काळात सहा खंडांत आलेल्या त्याच्या ग्रंथात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कल्पनेतले नव्हे, तर निरीक्षणाने हाती येणारे, थोडक्यात ‘दिसणारे’. मानवी बुद्धी आधी देवाधर्माच्या, मग अमूर्त तत्त्वांच्या आणि शेवटी विज्ञानाच्या अवस्थेत येते, असा त्याचा क्रम होता. समाजाच्या शास्त्राला ‘सोशिऑलॉजी’ हे नाव रूढ केले तेही त्यानेच. समाजशास्त्रांत या विचाराचे चांगले पीक आले. फ्रान्सच्या सरकारी गुन्हे-आकडेवारीवर काम करताना बेल्जियमच्या संख्याशास्त्रज्ञ केत्लेला दिसले की, गुन्ह्यांचा एकूण आकडा वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहतो. तुरुंग आणि फाशीचा खांब यांचाही जणू ठरलेला अर्थसंकल्प असतो आणि समाज तो नेमाने चुकता करतो. व्यक्ती आपल्या मर्जीने वागते असे समजावे, तर बेरीज इतकी नियमित का येते, हा प्रश्न तेव्हा नवा होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्कहाइमचा 1897 सालचा आत्महत्यांवरील अभ्यास याच वाटेने गेला.

लोम्ब्रोसो या दुसऱ्या घराण्यातला. तो इटालियन लष्करात डॉक्टर होता आणि 1862 साली दक्षिणेकडील कालाब्रियात काही महिने राहिला होता. देशाचे एकीकरण नुकतेच झाले होते, दक्षिणेत सशस्त्र टोळ्यांचे बंड चालू होते आणि उत्तरेकडच्या सुशिक्षितांना दक्षिण म्हणजे रानटी मुलूख वाटत होता. पुढे 1870 साली त्याच कालाब्रियातील व्हिलेल्ला नावाच्या चोरीच्या गुन्ह्यातल्या माणसाची कवटी त्याने तपासली. कवटीच्या मागच्या तळाशी आतल्या बाजूस जिथे सहसा उभा कंगोरा असतो, तिथे त्याला एक लहानसा खळगा आढळला. असा खळगा खालच्या प्रतीच्या प्राण्यांत असतो, तेव्हा गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असा निष्कर्ष काढून 1876 साली त्याने ग्रंथ लिहिला. एका खळग्यावर केवढी इमारत! ‘दिसणारे तेवढेच मानू’ म्हणणाऱ्या माणसाला मुळात काय दिसावे, हे त्याच्या मुलखाने आधीच ठरवून ठेवलेले होते. 1913 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने सुमारे 3000 कैद्यांची मोजमापे घेऊन त्यांची इतरांशी तुलना केली, तेव्हा गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक नमुना सापडला नाही. म्हणजे लोम्ब्रोसोला खोटे पाडले ते मोजमापानेच. त्याच्या सिद्धान्ताला दुसरा धक्का द्युर्कहाइमकडून बसला. गुन्हा नसलेला समाजच नाही, म्हणून गुन्हा ही समाजाची नेहमीची अवस्था आहे, असे तो म्हणे. (लोम्ब्रोसोने स्वतःचा देहही शास्त्राला दिला. त्याचा सांगाडा आज तुरिनमधील त्याच्याच नावाच्या संग्रहालयात उभा आहे. या बाबतीत माणूस प्रामाणिक म्हणायचा.)

आता विरोध पाहा. ऑस्टिन ‘आहे’ आणि ‘असावे’ यांची फारकत करतो. लोम्ब्रोसोचे सहकारी फेरी आणि गारोफालो मात्र ‘आहे’ यातूनच ‘असावे’ काढू पाहतात. माणूस मुळात असा आहे, म्हणून कायद्याने त्याचे अमुक करावे, असा त्यांचा तर्क. इटालियन विचारवंत बेक्कारियाने 1764 साली शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, असा आग्रह धरला होता; या मंडळींनी मोजपट्टी गुन्ह्यावरून काढून गुन्हेगारावर लावली आणि त्याच्यापासून समाजाला पुढे किती धोका आहे, हा प्रश्न मध्यभागी आणला. त्यातून सुधारणेची दारे उघडली, तशीच बेमुदत बंदिवासाचीही. इटलीच्या 1930 सालच्या दंडसंहितेत शिक्षेच्या जोडीला ‘सुरक्षा-उपाय’ (गुन्हेगाराच्या पुढील धोक्यावर बेतलेले निर्बंध) आले ते या विचाराच्या प्रभावाने. आपल्याकडचा 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा कायदा) गुन्ह्याचे स्वरूप आणि अपराध्याचे चारित्र्य ही दोन्ही पाहायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बच्चन सिंग निकालानेही फाशीचा विचार करताना आरोपी पुढे समाजाला सतत धोका ठरेल का, हे पाहण्यास सांगितले आहे. परीक्षेत हे उदाहरण द्यावे.

प्रश्न : आमच्या सोलापुरातल्या ‘सेटलमेंट’मागे (‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवण्याच्या इंग्रजकालीन वसाहतीमागे) लोम्ब्रोसोचा ‘जन्मजात गुन्हेगार’ होता, असे एका व्याख्यानात ऐकले. ते बरोबर आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : तारखा जुळत नाहीत. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा, म्हणजे लोम्ब्रोसोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधीचा आहे, आणि त्यामागची समजूत कवटीची नव्हती. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा जातीच्या धंद्याचा हिशेब त्यामागे होता. मुंबई इलाख्याला हा कायदा लागू झाला तो 1911 च्या नव्या अधिनियमाने. नोंदणी झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यात होती, तेव्हा मोजमापाच्या नव्या शास्त्राचा हात लागला तो इथे, साधन म्हणून. व्याख्यात्यांना संबंध दाखवायचाच असेल, तर तो पुढच्या टोकाला दाखवता येईल. 1952 साली हा कायदा रद्द झाला आणि 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा अधिनियम आला. त्यात नोंदणी जन्मावरून न होता त्या व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांवरून होते, आणि ‘सराईत’ हा फेरीने केलेल्या गुन्हेगारांच्या वर्गवारीतला एक वर्ग आहे.