फंड संपला, पण पोरं अजून पायरीवर येऊन बसतात

प्रश्न : नमस्कार ताई, बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात एका कंपनीच्या सीएसआरमधून (कंपनीने समाजकामासाठी द्यायच्या निधीतून) तीन वर्षं संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवला. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, पोरं आजी-आजोबांकडे राहतात, त्यांच्यासाठीच सुरू केला होता. चार ताया, 110 मुलं, वर्षाला साधारण 9 लाख यायचे. 31 मार्चला प्रोजेक्ट संपला. दहा ठिकाणी प्रपोजल पाठवली, कुठूनच उत्तर नाही. वर्गाला कुलूप आहे तरी पोरं सहा वाजता दप्तर घेऊन पायरीवर येऊन बसतात. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते कुलूप काढा, आज संध्याकाळीच. एक ताई, एक सतरंजी, एक तास, एवढं चाललं तरी चालेल पण खंड पडू देऊ नका. आमचा वर्ग आम्ही "फंड येईपर्यंत" म्हणून जूनमध्ये थांबवला होता, फंड आला डिसेंबरात, आणि 60 मधली 14च मुलं परत आली. मुली तर जवळजवळ नाहीच. संध्याकाळी बाहेर सोडायची घरची परवानगी एकदा तुटली की ती परत मिळवायला वर्ष जातं हो. आणि कपाटातल्या टॅबच्या बॅटऱ्या फुगून गेल्या होत्या ते वेगळंच.

आता पैशाचं. तुमचे 9 लाख कुठे जायचे ते वहीत लिहून काढा. टॅब, टी-शर्ट, बॅनर, ट्रेनिंग, प्रवास, रिपोर्टिंग हे सगळं ग्रँटचं होतं, वर्गाचं नव्हतं. तायांचं मानधन महिन्याला 4,000 धरलं तर चौघींचे वर्षाचे होतात 1,92,000. शोधायचे आहेत ते एवढेच. मानधनाला मात्र हात लावू नका, "सेवा म्हणून करा" म्हणायला सोपं असतं पण त्या चार हजारांवर कुणाचा तरी किराणा येतो. नाहीच जमले तर दोघींवर चालवा, पण दोघींना पूर्ण द्या.

कंपनीवर राग धरू नका. 2021 च्या सीएसआर नियमांत चालू प्रकल्पाची मुदतच सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या तीन वर्षांचाच हिशोब धरून येतात. दुसरी मोठी कंपनी मिळाली तरी तीन वर्षांनी तुम्ही परत याच पायरीवर.

त्यापेक्षा गावातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं बघा. 40 जणांनी महिन्याला 200 दिले तरी वर्षाला 96,000 होतात, म्हणजे निम्मं काम झालं. दर महिन्याला ग्रुपवर हिशोब टाकायचा, पैन्‌पैचा, आणि एखाद्या मुलाच्या वहीचा फोटो. तुमच्या संस्थेला 80जी (देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता) असेल तर पावती द्या, फक्त 2,000 च्या वर रोख घेतलं तर देणाऱ्याला सूट मिळत नाही हे आधीच सांगा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, रक्कम छोटी असेल पण मागा, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. तिथे पीपीटी नको, पुस्तकं दिल्या-घेतल्याचं पोरांच्या अक्षरातलं रजिस्टर न्या आणि दोन आज्यांना बोलू द्या. खोली आणि लाईटसाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, त्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. मुख्याध्यापकांची बदली होते, ठराव वहीत राहतो.

पालकांकडून वर्गणी घ्या, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडून उचलीचे (मजुरीपोटी आगाऊ मिळालेले) पैसे हातात आलेत म्हणून मागू नका, ते कर्ज असतं. गावात राहणारे महिन्याला तीस-चाळीस देऊ शकतात, किंवा सुगीला ज्वारी. कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह म्हटलं की लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आपल्याला आठवतं, पण लोकांनी घरोघरी दिलेल्या मूठमूठ धान्यावरही रयतची पोरं जेवली.

हे सगळं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत बसवा, कारण नंतर गावात विचारायला माणूसच उरत नाही. आणि तो ग्रुप सुरू झाला की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, महिन्याचे माझे 200 त्यात धरा.