प्रश्न तुमचे : पोलादी जोडसिलिंडर घेताना

प्रश्न : टेक्निकल डायव्हिंगचं (नेहमीच्या हौशी मर्यादेपलीकडच्या स्कूबाचं) सुरुवातीचं प्रशिक्षण झालंय, आता स्वतःचा पोलादी ट्विनसेट, म्हणजे पाठीवरची दोन सिलिंडरची जोडी, घ्यायचाय. सराव पैठणला नाथसागरात, वर्षातून एकदा अंदमान. सूट ३ मिलिमीटरचा. १२ लिटर २३२ बार (बार म्हणजे दाबाचं माप), १२ लिटर ३०० बार की सरळ १५ लिटर? मित्र म्हणतात, हवा जितकी जास्त तितकं बरं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : १२ लिटर, २३२ बार. मित्रांनी हवा मोजली, वजन मोजायचं राहिलं.

हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन आणि आतले लिटर ठोकलेले असतात. वजनाला ७.८५ ने भागा (पोलादाची घनता), त्यात आतले लिटर मिळवा आणि आलेला आकडा वजनातून वजा करा. १४ किलोचा १२ लिटरी सिलिंडर घेऊ. १४ भागिले ७.८५ म्हणजे १.८, अधिक १२ म्हणजे १३.८. गोड्या पाण्यात तो ०.२ किलोने बुडतो. व्हॉल्व्ह धरला की रिकामा सिलिंडर एक किलोने जड. आता १७.५ किलोचा ३०० बारवाला घ्या. तो रिकामाच चार किलोने जड निघतो.

जोडीचे झाले दोन किलो विरुद्ध आठ किलो. पट्टे, मॅनिफोल्ड (दोन सिलिंडर जोडणारी व्हॉल्व्हची नळी), पोलादी बॅकप्लेट (पाठीवरची पाटी) आणि रेग्युलेटर (श्वासाचं यंत्र) मिळून पाण्यात आणखी पाचेक किलो. शिवाय हवेलाही वजन असतं, लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. २३२ च्या जोडीत साधारण ५५०० लिटर म्हणजे साडेसहा किलो हवा. पाण्यात उतरताना हा संच तुम्हाला १३-१४ किलोने खाली ओढतो, ३०० बारवाला २१ किलोने. तुमचा सूट पृष्ठभागावर जेमतेम दोन किलो उचलतो, आणि ४० मीटरवर सुटाचं निओप्रीन (फुगीर रबर) दबून तेही बहुतेक जातात. तिथे विंग (हवा भरून तरंगवणारी पाठीवरची पिशवी) फाटली तर २१ किलो घेऊन पाय मारत वर येणं जमणार नाही.

त्यात ३०० बारचा फायदा वाटतो तेवढा नसतोच. त्या दाबाला हवा हिशेबाप्रमाणे दबत नाही. १२ गुणिले ३०० म्हणजे ३६०० लिटर, पण प्रत्यक्षात मावते साधारण ३२५० लिटर. जड पोलाद बनलं थंड पाण्यासाठी. तिथे ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) आणि आतल्या जाड कपड्यांमुळे माणूस तरंगतो आणि कमरेला एरवी आठ-दहा किलो शिसं बांधावं लागतं. आपल्या पाण्यात तो प्रश्नच नाही. कायम ३ मिलिमीटरमध्येच उतरणार असाल तर ११.१ लिटर, २०७ बारच्या ॲल्युमिनियमची जोडी जास्त समतोल बसते, हेही सांगून ठेवतो.

२३२ च्या जोडीसोबत बॅकप्लेट ॲल्युमिनियमची घ्या, जवळपास दोन किलो वाचतात. शिशाचा पट्टा घरी ठेवा. विंग किमान १८ किलो उचलणारी हवी. एका सिलिंडरसाठीची १३ किलोची चालत नाही. विंग निकामी झाल्यावरची दुसरी सोय, म्हणजे दोन ब्लॅडरची (आत दोन पिशव्यांची) विंग किंवा लिफ्ट बॅग (हवा भरून वर ओढणारी सुटी पिशवी), उथळ पाण्यात वापरून हात बसवा.

हवा पुरेल का? ४० मीटरवर दाब ५ बार. वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे १०० लागतात. ५००० लिटर धरले तर जायला एक तृतीयांश म्हणजे १६ मिनिटं, तेवढीच परतायला, उरलेला भाग संकटासाठी. नाथसागराच्या धरणाची उंचीच सुमारे ४१ मीटर, मग १५ लिटरची जोडी कशाला? तिचा पूर्ण संच ५० किलोच्या पुढे जातो. धान्याचं पोतं पाठीवर घेऊन चिखलाच्या उतारावरून पाण्यापर्यंत चालायचं आहे, हे लक्षात घ्या.

उंची बेताची असेल तर लांबट १७१ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर (सुमारे ६४ सेंटिमीटर) खाली नितंबाला टेकतो. मग २०४ मिलिमीटरचा आखूड घ्या, तो ४९ च्या आसपास असतो.

नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. ३०० मीटरच्या वर समुद्रसपाटीचे डायव्ह-टेबल (खोली आणि वेळेच्या मर्यादांचे तक्ते) चालत नाहीत. डायव्ह-कॉम्प्युटरवर उंचीची सेटिंग तपासा. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड असल्याने याच संचासकट तुम्ही अंदमानात तीनेक किलो हलके भासाल. आणि जलाशय पक्षी अभयारण्यही आहे, परवानगी आधी काढा.

प्रश्न : विहिरीतली अडकलेली मोटार काढायला उतरतो. भंगारात सीएनजीचे आणि वेल्डिंगच्या ऑक्सिजनचे सिलिंडर स्वस्तात मिळतात. जोडून वापरले तर?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : नाही. सीएनजीच्या सिलिंडरात कॉम्प्रेसरचं तेल आणि वायूचा वास मुरलेला असतो, तो श्वासात येतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा भरण्याचा दाब १५० बारच्या आसपास, त्यामुळे वजनाच्या मानाने हवा थोडी. दोन्हींचे आटे स्कूबा व्हॉल्व्हचे नाहीत, आणि 'बसतो की' म्हणून फिरवलेला व्हॉल्व्ह भरताना गोळीसारखा उडतो. स्कूबातही हा सापळा आहे : एम-२५ चा (२५ मिलिमीटर मेट्रिक आट्याचा) व्हॉल्व्ह पाऊण इंची अमेरिकन आट्यात सैलसर फिरतो आणि दाब चढल्यावर सुटतो. मानेवर आट्याचा शिक्का वाचल्याशिवाय व्हॉल्व्ह लावू नका. गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली सिलिंडरला नागपूरच्या 'पेसो'ची (केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता लागते. बाहेरून आणलेल्यालाही. ती नसेल तर भरून देणारा नकार देईल, म्हणून पैसे देण्याआधी त्यालाच विचारा.

प्रश्न : सेकंडहँड जोडी घेतली, मॅनिफोल्ड मीच बसवला. मधल्या नळीपाशी बुडबुडे येतात. ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) दोनदा बदलल्या.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : दोष बहुधा ओ-रिंगचा नसून पिळाचा आहे. तुम्ही आधी पट्टे आवळले असणार. दोन सिलिंडर केसभर जरी वेगळ्या उंचीवर किंवा तिरके बसले तरी नळी वाकडी ताणली जाते आणि ओ-रिंग एका बाजूने उघडी पडते.

सगळं सोडा. सपाट फरशीवर दोन्ही सिलिंडर उभे करा, पट्टे ढिले घाला. नळीच्या ओ-रिंगना ग्रीसचा पुसट हात द्या. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) भरणार असाल तर ग्रीस ऑक्सिजनला चालणारंच हवं. नळी दोन्ही बाजूंना सारखे आटे जातील अशी फिरवा. ती बोटांनी फिरली पाहिजे, पाना लागला तर काहीतरी तिरकं आहे. त्यानंतरच पट्टे, खालचा-वरचा आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. पट्ट्यांच्या दोन बोल्टमधलं अंतर ११ इंच ठेवा, नाहीतर बॅकप्लेटची भोकं जुळणार नाहीत. २० बार भरून साबणाचं पाणी लावा, मग पुढचा दाब.

भरताना आयसोलेटर (मॅनिफोल्डच्या मधला, दोन सिलिंडर एकमेकांपासून तोडणारा व्हॉल्व्ह) उघडा आहे ना, हे फिरवून पाहा. बंद राहिला तर एकच सिलिंडर भरतो, गॅसची तपासणीही त्याचीच होते, आणि दुसऱ्यात मागचं मिश्रण तसंच. पाण्यात त्याची खूण अशी : श्वास उजव्या सिलिंडरमधून चालू आणि डावीकडच्या गेजचा काटा जागचा हलत नाही.

तळाला प्लॅस्टिकचा बूट असेल तर काढून पाहा. आत ओल अडकून गंज तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : भरलेली जोडी मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तर फुटेल?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फुटणार नाही. २३२ बारचा सिलिंडर ३४८ बारला तपासलेला असतो. पण २५ अंशांना २०० बार असलेली हवा ६० अंशांच्या डिकीत २२५ च्या आसपास दाखवते. त्या आकड्यावर डाइव्हचा हिशेब मांडू नका. सिलिंडर सावलीत निवल्यावर गेज पुन्हा वाचा.