नेक हलते, इपॉक्सी ओतू का?

प्रश्न : दादा, मी जिंतूरचा. सागाच्या फळीतून टेलिकास्टर या जुन्या मॉडेलच्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार स्वतः बनवली. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, तेवढी तयार आणली. ती जिथं बसते त्या बॉडीतल्या खाचेत एका बाजूला मिलिमीटरभर फट राहिली आहे. नेक हातानं रेटली की सगळ्यात बारीक तार फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीच्या, कडेवरून घसरते, सूर उतरतो. चारही स्क्रू जीव खाऊन आवळले. फटीत फेविकॉल-भुसा भरला, तो आठ दिवसांत सुटला. उन्हानं लाकूड आखडलं का? आता इपॉक्सी ओतून नेक कायमची चिकटवू का?

उत्तर : नका चिकटवू. १९५० पासून या घडणीची नेक स्क्रूवरच बसते, ती सोडवता यावी म्हणूनच. उद्या फ्रेट (त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कांबी) झिजले, नेक पिळली, तर काय कराल?

उन्हावर संशय येणं साहजिक आहे. माझे वडील लातूरजवळच्या खेड्यात सुतारकी करायचे. वैशाखात बैलगाडीच्या आऱ्या खुळखुळायला लागल्या की लोक चाकं पाण्यात घालून ठेवायची. पण इथं नेकही आडवी आखडते आणि खाचही आडवीच, दोन्ही एकाच दिशेनं. जेमतेम ५६ मिलिमीटर रुंदीत एवढी फट उन्हानं पडत नाही. खाच काढतानाच राउटर, म्हणजे खाच कोरायचं यंत्र, सरकला असणार.

तरी माझा खरा संशय फटीवर नाही, स्क्रूवर आहे. तारा उतरवून नेक काढा. एक स्क्रू बॉडीच्या भोकात नुसता सोडा. तो न पिळता, आपल्या वजनानं आरपार गेला पाहिजे. अडकला, तर आटे बॉडीतही धरताहेत. मग कितीही आवळा, नेक तळाला टेकतच नाही, मध्ये केसभर पोकळी राहते. तारांचा ओढा ४५ किलोच्या आसपास असतो; तो पेलायचा तळाच्या घट्ट पकडीनं. बॉडीची भोकं स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी करा. आटे फक्त नेकमध्ये धरू द्या.

आता तळ. वाळलेला फेविकॉल धारदार पटाशीनं पार लाकडापर्यंत खरवडा. नेकच्या बुडाला खडू घासा, खाचेत दाबा, काढा. खडू जिथं उमटला तोच उंचवटा. तेवढाच घासायचा, बाकीला हात लावायचा नाही. वडील दाराच्या चौकटीला असंच करायचे. इथं घाई केलीत तर पुढचं सगळं वाया जाईल.

फट शेवटी. नेक बसवून दोन्ही कडेच्या तारांच्या जागी नटपासून (नेकच्या टोकाशी तारा जिथं टेकतात तिथून) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा जिथं टेकतात तिथवर) दोरे ताणा आणि ते फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखे येईपर्यंत नेक सरकवा. मग फट ज्या बाजूला दिसेल, त्या बाजूच्या भिंतीला कडक लाकडाच्या विनिअरची, म्हणजे पातळ पापुद्र्याची, पट्टी चिकटवा. नेकला नाही, भिंतीला. साग तेलकट, म्हणून आधी ॲसिटोननं पुसा आणि लगेच डिंक लावा. तुमचा फेविकॉल सुटला त्यात या तेलाचाही हात असेल. रात्रभर शिकंजात राहू द्या. दुसऱ्या दिवशी नेक हातानं दाबून आत जाईल इतकीच पट्टी घासा. ठोकून बसवावी लागली तर बॉडी कडेला चिरते.

नेकमधलं एखादं भोक आवळून आवळून सैल झालं असेल, तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. शिसवीची गोल खुंटी डिंकानं बसवा, वाळल्यावर नव्यानं भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळून मगच पिळा.