धुळी अशी का वागते? वाचकांचे प्रश्न, लेखिकेची उत्तरं

आपल्या अंकात चालू असलेल्या गीरच्या कथामालेतल्या धुळीबद्दल पत्रं आणि मेसेज इतके आलेत की यावेळी पुढचा भाग थांबवून फक्त तिच्याबद्दलच बोलूया असं संपादकांनी ठरवलं. मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. धुळी ही पाच वर्षांची, मातकट रंगाची, डावा कान फाटलेली सिंहीण. आई लहानपणीच गेली, आता दोन मावश्या आणि एक मावसबहीण यांच्यासोबत राहते. अख्खी काल्पनिक आहे, पण तिला जे जे होतं ते खऱ्या सिंहिणींना होत असतं, तेवढं पथ्य मी पाळलंय.

ताई, मागच्या भागात नदीपलीकडच्या दोन अनोळखी सिंहिणी हद्दीत घुसल्या तेव्हा मोठी मावशी सगळ्यात पुढे धावली आणि धुळी मात्र मागे गवतात बसून राहिली. इतके दिवस जिला हिरोईन समजत होतो ती भित्री निघाली की काय?

या प्रश्नाची सगळ्यात जास्त पत्रं आली, काही जण तर चक्क चिडलेत. भित्री नाहीये हो ती. पण शूर आहे असंही मी कुठे लिहिलेलं नाही, ते तुम्हीच धरून चाललात, कारण सिंहीण म्हटली की ती शूरच असणार असं आपल्या डोक्यात घट्ट बसलंय.

धुळीचा हा स्वभाव मी एका खऱ्या संशोधनावरून उचललाय. रॉबर्ट हाइनसोन आणि क्रेग पॅकर या दोघांनी टांझानियातल्या सिंहिणींवर एक प्रयोग केला होता, १९९५ साली तो छापून आला. स्पीकर लपवून ठेवायचा, त्यावर परक्या सिंहिणीची डरकाळी वाजवायची आणि कोण कशी पुढे जाते ते बघायचं. तर काही सिंहिणी दरवेळी पुढे आणि काही दरवेळी मागे! बरं पुढचीला कळत नाही असंही नाही, ती जाता जाता थांबते, वळून मागे राहिलेलीकडे बघते, आणि तरी पुढे जाते. आणि गंमत म्हणजे मागे राहणारीला नंतर कोणी मारत नाही, हाकलून देत नाही. मला ते वळून बघणं इतकं आवडलं की मावशीच्या तोंडी (म्हणजे मानेला म्हणूया) मी तेच दिलंय, बघा, ती नदीच्या काठावर थांबते आणि एकदा मागे बघते तो प्रसंग.

त्यात अजून एक बारकावा आहे. कायम पुढे आणि कायम मागे या दोन प्रकारांशिवाय काही सिंहिणी अशा असतात की एरवी रेंगाळतात पण खरंच गरज पडली की पुढे येतात, आणि काही याच्या बरोबर उलट्या, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच नेमक्या मागे सरकतात. धुळी गरजेला येणाऱ्यातली. समोर दोघी होत्या आणि आपल्या चौघी, तिचा हिशोब जमत होता म्हणून ती बसून राहिली. सिंहिणींना हा हिशोब खरंच करता येतो बरं का, एकीची डरकाळी ऐकवली तर त्या कशा वागतात आणि तिघींची ऐकवली तर कशा, यात चांगलाच फरक पडतो हेही असंच स्पीकर लावून बघितलेलं आहे. समोर तिघी असत्या आणि मावशी एकटी असती तर धुळी काय करेल, ते पुढे कधीतरी येईलच.

हा प्रयोग आफ्रिकेतला आणि माझी धुळी गीरची, तेव्हा एवढी सूट लेखिका म्हणून मी घेतली आहे.

आई विहिरीत पडून मरते हे जरा फिल्मी नाही वाटत का? जंगलात विहीर कुठून आली?

फिल्मी वाटेल खरं, पण गीरच्या बाबतीत ही अगदी रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त गीरच्या जंगलाबाहेर होते, म्हणजे शेतात, माळावर, नदीकाठच्या झाडीत, अगदी समुद्रकिनाऱ्यापर्यंत. आता शेत म्हटलं की विहीर आली, आणि जुन्या कितीतरी विहिरींना कठडाच नसतो, जमिनीच्या लेव्हलला तोंड आणि भोवती गवत वाढलेलं. रात्री सावजामागे धावणाऱ्या जनावराला ते दिसणार कसं? असे बरेच सिंह गेलेत, म्हणूनच वनखात्याने आणि संस्थांनी मिळून हजारो विहिरींना कठडे बांधून घेतले. धुळीची आई बिनकठड्याच्या विहिरीत पडली, एवढंच. त्यात कोणी खलनायक नाही, आणि मला तो नकोच होता.

आता या आईविना वाढण्याचा तिच्या स्वभावाशी काय संबंध, ते सांगते, कारण अख्खी धुळी मी इथूनच उभी केलीय. आई गेली तेव्हा ती चार महिन्यांची होती. सिंहाचं पिल्लू मांस लवकर चाखायला लागतं पण दूध सुटायला सहा-आठ महिने लागतात, म्हणजे धुळीचं दूध मधेच तुटलं. मावशीला तेव्हा दोन पिल्लं होती. सिंहिणीला सड चार, तेव्हा जागा होती, पण जागा असणं आणि मिळणं यात फरक असतो ना! सिंहिणी एकमेकींच्या पिल्लांना पाजतात हे खरंय, आणि ते वाचून आपल्याला एकदम भरून येतं, पण बारकाईने बघणाऱ्यांनी असंही टिपलंय की आई जागी असेल तर बाहेरच्या पिल्लावर गुरगुरते, पंजा उगारते, स्वतःच्या पिल्लांना आधी घेते. मग बाहेरचं पिल्लू काय करतं, तर तिची स्वतःची पिल्लं पीत असतील तेव्हा हळूच मधे घुसतं, नाहीतर ती झोपायची वाट बघतं.

धुळी अशी वाट बघत मोठी झाली. दुसऱ्या भागात तो प्रसंग आहे, मावशी सागाच्या सावलीत आडवी झालीय, शेपटीचा गोंडा माशा हाकलतोय, धुळी मागच्या बाजूने पोटावर सरकत येतेय आणि गोंडा हलायचा थांबला की मगच पुढे. घाईने गेलं तर पंजा बसतो आणि थांबलं तर दूध मिळतं, हे तिला कोणी शिकवलं नाही, पण अंगात मुरलं. म्हणून ती शिकारीतही थांबते, भांडणातही थांबते, आणि मेलेल्या सांबरापाशी सगळ्या एकमेकींना ओरबाडत असतात तेव्हाही ती बाजूने येऊन मागच्या मांडीला तोंड घालते. तुम्हाला जो भित्रेपणा वाटला तो हा आहे.

आम्ही हे मुलांना वाचून दाखवतो. धुळीचं एकदा या नराशी, एकदा त्या नराशी, हे जरा अतीच होतंय. तिला एकच जोडीदार देता आला नसता का?

अहो देता आला असता, पण मग तिची पिल्लं वाचली नसती.

गीरमधे नर आणि माद्या एरवी वेगवेगळे राहतात. आफ्रिकेत दिसतो तसा आयाळवाला बाबा मधोमध आणि भोवती सगळं खटलं, असं चित्र इथे फार कमी दिसतं. इथे दोन-तीन माद्या आणि त्यांची पिल्लं एकत्र, आणि नरांच्या जोड्या वेगळ्या फिरत असतात, एकाच माद्यांच्या इलाक्यावर अशा एकापेक्षा जास्त जोड्यांचा हक्क असू शकतो. आणि नवा नर आला की तो आधीच्या नराची पिल्लं मारतो, कारण पिल्लं गेली की आई लवकर माजावर येते, नाहीतर त्याला दीड-दोन वर्षं थांबायला लागेल. हे ऐकायला भयंकर आहे पण सिंहांचं असंच चालतं.

आता सिंहिणीने काय करायचं? नराशी समोरासमोर लढून दरवेळी जिंकणं तिला शक्य नाही. गीरमधे स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी कित्येक वर्षं सिंहिणींवर लक्ष ठेवून जे मांडलं ते असं की इथल्या माद्या आसपासच्या वेगवेगळ्या गटातल्या नरांशी संबंध ठेवतात, त्यामुळे पिल्लं नक्की कोणाची हे कोणालाच ठरवता येत नाही आणि मग कोणीच त्यांना हात लावत नाही. म्हणजे धुळी जे करतेय ते पिल्लांसाठीच करतेय. मुलांना एवढंच सांगा की ती पिल्लांना वाचवायचा रस्ता काढतेय, मुलांना ते पटतं, आपल्यालाच जरा वेळ लागतो.

मी सातवीत आहे. सगळ्या सिंहिणी सारख्याच दिसतात, मग ट्रॅकरकाका धुळीला लांबून कसं ओळखतात? कान न बघता?

वा, कान न बघता हे मस्त विचारलंस! सिंहाच्या मिश्या रांगेत असतात आणि प्रत्येक मिशीच्या मुळाशी काळा ठिपका असतो. सगळ्यात वरच्या रांगेच्याही वर अजून दोन-चार सुटे ठिपके असतात, ते नक्की कुठे आहेत हे प्रत्येक सिंहाचं वेगळं असतं, आणि डावा गाल वेगळा, उजवा वेगळा. ते जन्मभर बदलत नाहीत. म्हणून अभ्यास करणारे दोन्ही गालांचे फोटो काढून ठेवतात. धुळीच्या उजव्या गालावर दोन ठिपके जवळजवळ चिकटलेले आहेत, डाव्यावर एकच आहे, पहिल्या भागाचं चित्र परत काढून बघ, चित्रकाराने बरोब्बर दाखवलंय. नाकावरून वयाचा अंदाजही येतो, लहानपणी गुलाबी आणि मग वय वाढेल तसे काळे डाग वाढत जातात. आणि पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते ना, ती गीरच्या सिंहांची खूण, आफ्रिकेतल्या सिंहांमधे ती फार क्वचित दिसते.

धुळीने मोठ्या मावशीला हरवून कळपाची राणी व्हावं असं आम्हा सगळ्या मैत्रिणींना वाटतं. लहानपणी पंजे मारले त्याचा हिशोब चुकता झालाच पाहिजे!

मैत्रिणींनो, राणी हे पदच तिथे नाहीये. लांडग्यात असतं, आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसात तर फारच कडक असतं, पण सिंहिणींमधे कोण वर कोण खाली अशी पक्की उतरंड संशोधकांना सापडलीच नाही. २००१ साली पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तर दाखवलं, की माद्या साधारण सारख्या प्रमाणात पिल्लं वाढवतात, कोणी एक जण बाकीच्यांना विणीपासून रोखून धरत नाही. प्रत्येकीकडे नखं आणि सुळे इतके धारदार आहेत की बहिणीशी भांडून जखमी होणं कोणालाच परवडत नाही. खाताना मात्र सगळ्या एकमेकींवर भयंकर गुरगुरतात, ते चालतं, ते कोणी मनावर घेत नाही.

आणि सूड? मावशीने पंजा मारला हे आपण लक्षात ठेवलंय, धुळीने नाही. तिच्या लेखी मावशी म्हणजे ती कुशी जिथे दूध होतं. सुडाची सिंहीण लिहिणं खूप सोपं आहे, वाचायलाही मजा येते, पण ती कातडं पांघरलेली माणूसच होते, आणि माणसांच्या गोष्टी आपल्या अंकात बाकी लेखक लिहितातच की.

मावसभाऊ आजारी पडून गेला तो भाग २०१८ च्या साथीवरून घेतलाय का?

हो. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे गीरच्या पूर्वेकडच्या दलखाणिया भागात वीसहून जास्त सिंह गेले, त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमधे असतो. कथेत मी आजाराचं नाव घेतलं नाही कारण धुळीला ते माहीत असायचं कारण नाही, तिला फक्त एवढंच कळतं की भाऊ उठत नाहीये आणि त्याचा वास बदललाय.

मग धुळीला कुनोला पाठवणार का? तिकडे नवं घर मिळेल बिचारीला.

साथीच्या भीतीमुळेच सिंहांसाठी दुसरं घर हवं हा मुद्दा जुना आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ साली गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायचा निकालही दिला होता. पण सिंह अजून गेलेले नाहीत, २०२२ पासून तिथे चित्ते आलेत. जे प्रत्यक्षात घडलं नाही ते कथेत घडवायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे धुळी गीरमधेच राहील. शिवाय एकटी धुळी नेऊन तिथे करणार काय, न्यायचं तर मावश्यांसकट न्यायला लागेल. पुढच्या भागात तिची पिल्लं येतायत, पहिले सहा-आठ आठवडे ती मावश्यांनाही दाखवणार नाहीये, तेव्हा "पिल्लं किती झाली" म्हणून आत्ताच पत्रं पाठवू नका.