मैदान एकच, मग मुलींनी खेळायचं कधी?

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका कॉलेजात एस. वाय.ला आहे, कबड्डीच्या मुलांच्या संघाचा कर्णधार. आमचा सराव रोज चार ते सहा. मुली त्यानंतर येतात. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस आमची वेळ मागितली आहे. मला ते पटतं, पण पोरं म्हणतात, "त्यांच्या सातजणी तरी जमतात का?" मी बोललो तर ग्रुपवर 'पोरीस्ना वकील' म्हणून चिडवतात. दोस्ती तुटेल असं वाटतं. काय करू?

उत्तर : भाऊ, 'मुलींनी खेळायला हवं' असं वर्गात विचारलं तर तुझ्या संघातली पोरंही हो म्हणतील. स्वतःची वेळ द्यायची म्हटलं की मन मागे येतं. पोरं वाईट नाहीत, पण त्यांनी गोष्ट उलटी धरली आहे. वेळ धड नाही म्हणून सातजणी जमत नाहीत.

सहानंतरची वेळ म्हणजे काय, बघ. हिवाळ्यात अंधार. गावाकडच्या एसटीची धास्ती. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी वाट बघणारं काम. वर कठड्यावर बसून मोबाइल रोखणारी पोरं. आतून कडी लागेल अशी कपडे बदलायची खोली आहे का, तेही बघून घे. ती नसली तर घरून ट्रॅकपँट घालूनच यावं लागतं. इतकं असून ज्या येतात, त्यांना खेळ खरंच हवा आहे.

मैदानाची अडचण वाटते तेवढी नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. मध्यरेषा एकच ठेवा. तुमच्या राखीव क्षेत्राची, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या एक मीटर पट्टीची, आतली रेषा हीच मुलींची बाहेरची बाजू होते, कारण दोन्हीकडचा एकेक मीटर वजा केला की ८ मीटरच उरतात. त्याच्या आतली एक मीटरची पट्टी हे त्यांचं राखीव क्षेत्र. मागची रेषा दोन्ही टोकांना अर्धा मीटर आत. निदान रेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते ती, तुमची मध्यापासून ३.७५ मीटरवर, त्यांची ३ मीटरवर. जादा गुणाची बोनस रेषा त्यापुढे एक मीटर. तुमच्या रेषा फक्कीने मारा, त्यांच्या गेरूने. इथे हटकून चूक होते ती अशी, की मुली तुमच्याच रेषांवर सराव करतात आणि सामन्यात चढाईचं अंतर चुकतं.

मंगळवार-गुरुवार चार ते सव्वापाच मैदान पूर्ण त्यांचं. तुम्ही तेव्हा बाहेर धावणं, बैठका आणि एका पायावर उडी मारून गुडघा आत न वळवता उतरण्याचा सराव घ्या. सव्वापाचनंतर मैदान तुमचं. 'सात जमल्या तरच' ही अट मात्र कुणी घालू देऊ नकोस. पाचजणींतही एक चढाई करते, चौघी हात धरून साखळी करतात, पकडीचा चांगला सराव होतो. वेळ पक्की झाली की घरी सांगता येतं, आणि मग संख्या वाढते. निदान एक सत्र तरी थांबा.

पोरांशी ग्रुपवर वाद घालू नकोस. उपकर्णधाराला आधी एकट्याला गाठ. जिमखाना फी मुलीही तेवढीच भरतात, एवढा एक मुद्दा पुरे. 'मुलींची कबड्डी कोण बघतं' असं कुणी म्हणालं तर सांग : आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, महिलांची २०१० साली, आणि २०१० ते २०२२च्या चार स्पर्धांत भारताच्या मुलींनी तीन सुवर्णपदकं आणली.

चिडवणं चार दिवसांत विरेल, आणि एवढ्यावरून तुटणारी दोस्ती कबड्डीच्या संघात सहसा नसते. मुलींचे चोरून काढलेले फोटो ग्रुपवर आले तर ती चेष्टा राहत नाही. तिथल्या तिथे थांबव, त्या मुलीला कळव. तिची तयारी असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी.

आणि एक. मुलींच्या वतीने तू बोलू नकोस, त्यांच्या कर्णधाराला सोबत घे. वेळापत्रक, खोली आणि बाहेरगावच्या सामन्यांना महिला व्यवस्थापक, एवढं एका पानावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि शारीरिक शिक्षण संचालकांना द्या. तोंडी होकारावर थांबू नका. प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या.